कसम परेडच्या गर्दीतली ती

आपल्या वस्तीतला पोरगा सैन्यात भरती झाला की चौकात बॅनर लागतो. त्यावर पोराचा फोटो असतो, आई-वडिलांचे नाव असते, मंडळाचे नाव असते आणि शुभेच्छुक म्हणून डझनभर पुढाऱ्यांचे चेहरे असतात. एका व्यक्तीचे नाव मात्र कुठेही नसते. ज्या मुलीशी त्या पोराचे लग्न ठरले आहे, ती मुलगी बॅनरवर नसते, सैन्याच्या कागदावर नसते आणि आपल्या चळवळीच्या चर्चेतही नसते. आजचा विषय तिचा आहे.

उरण तालुक्यातील द्रोणागिरी ही सिडकोने वसवलेली वसाहत. जेएनपीटी बंदर १९८९ साली सुरू झाले आणि या पट्ट्यात कंटेनर यार्ड उभे राहिले. या जमिनीसाठी जानेवारी १९८४ मध्ये इथल्या भूमिपुत्रांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली गोळ्या झेलल्या आहेत. पाच जण हुतात्मे झाले. आज त्याच जमिनीवरच्या इमारतींत विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून पोट भरायला आलेली आपली शेकडो माणसे भाड्याने राहतात. कुणी यार्डात सुपरवायझर आहे, कुणी ड्रायव्हर, कुणी सफाई कामगार. घर सोडून दुसरीकडे जाणे म्हणजे काय असते, हे द्रोणागिरीला कुणी शिकवायला नको.

अशाच एका घरातली मुलगी मागच्या महिन्यात वंदना झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. वय बावीस. एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नोंदी करते, पगार अठरा हजार. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा साखरपुडा झाला आहे. मुलगा अग्निवीर म्हणून निवडला गेला आणि महार रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रात, मध्य प्रदेशात सागरला गेला. ती म्हणाली, "काका, मी नोकरी सोडून सागरला जायचं म्हणते. तिथं खोली घेईन, काहीतरी काम बघेन. निदान जवळ तरी असेन. जाऊ ना?"

मी विचारले, घरचे काय म्हणतात? तिच्या आईचा विरोध होता. मुलाच्या आईचा पाठिंबा होता. पोरगा एकटा पडलाय, रडतो, कुणीतरी जवळ असले तर टिकेल, असे तिचे म्हणणे. लोक नावे ठेवतील म्हणून तिने तोडगाही काढला होता. विहारात गुपचूप विधी उरकून घ्यायचा, पंचवीस माणसांनाही सांगायचे नाही आणि नोंदणी चार वर्षांनी करायची. वर एक वाक्य तिने ऐकवले होते, जे आपल्या घराघरांत मुलींना ऐकवले जाते : "रमाईने नाही का सोसलं?"

या प्रश्नाचे उत्तर त्या एका मुलीला देऊन मला थांबता येत नाही. कारण अशा मुली एक नाहीत. पोलीस भरती आणि सैन्य भरतीच्या मैदानांवर पहाटे धावणारी आपली हजारो पोरे आहेत आणि त्यांच्यामागे थांबलेल्या तितक्याच मुली आहेत.

आधी वस्तुस्थिती पाहू. केंद्र सरकारने १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर केली. तिच्यानुसार अग्निवीर अविवाहित असावा लागतो आणि चार वर्षांच्या सेवेत त्याला लग्न करता येत नाही. लग्न केल्याचे उघड झाले तर नोकरी जाते. पहिल्या वर्षी दरमहा ३० हजार रुपये ठरले आहेत. त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात आणि हातात २१ हजार येतात. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना कायम करण्याची तरतूद योजनेत आहे. बाकीच्यांनी सेवा निधीचे दहा लाखांच्या वर व्याजासह रुपये घेऊन घरी यायचे. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

आता या आकड्यांमध्ये त्या मुलीला उभी करून बघा. प्रशिक्षणाचे सहा-सात महिने पोरगा बराकीत राहणार. पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या हजेरीपर्यंतचा त्याचा प्रत्येक तास ठरलेला. मोबाईल मिळेल तो ठरवून दिलेल्या वेळी. केंद्राच्या फाटकाबाहेर खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला तो भेटणार कधी? ती त्याच्यापासून दोन किलोमीटरवर असली काय आणि द्रोणागिरीत असली काय, मधली भिंत तीच. प्रशिक्षण संपले की तो सागरमध्ये राहणारही नाही. पलटण जिथे असेल तिथे जाईल. मग ही पुन्हा खोली सोडणार आणि त्याच्यामागे तिसऱ्या गावी जाणार काय? बॉर्डरवर तर कुणी खोलीही भाड्याने देत नाही.

आणि त्या गुपचूप विधीचे काय? हा तोडगा सर्वांत घातक आहे. लपवलेल्या लग्नाचा सगळा भार बाईच्या डोक्यावर येतो. पोरगा कागदावर अविवाहितच राहतो. उद्या त्याचे काही बरेवाईट झाले, तर विमा आणि सानुग्रह रक्कम कागदावरच्या वारसांकडे जाईल. तिच्याकडे दाखवायला दाखला नसेल, फोटो असेल तर तोही लपवून ठेवलेला. पोराचे मन बदलले तरी तीच गत. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला विवाहविधी हा समाजासमोर दोन समान माणसांनी केलेला करार आहे. तो चोरून उरकायचा म्हणजे त्यातला समाजही गेला आणि समानताही गेली. माझ्या बौद्धाचार्य बंधूंना विनंती आहे, की असा विधी लावायला कुणी आले तर नकार द्या.

पण हा विषय केवळ अग्निपथ योजनेने निर्माण केलेला नाही. नवरा लष्करी शिक्षणात आणि बायको दूर, ही गोष्ट आपल्या इतिहासात फार आत जाऊन बसली आहे. ती थेट बाबासाहेबांच्या घरात आहे.

रामजी सकपाळ फौजेत होते. भीमाई मुरबाडकरांच्या घरातली. तिचे माहेरही फौजीच, हुद्द्याने सासरपेक्षा वरचढ. लग्नानंतरच्या सुरुवातीच्या काळात रामजी पुण्याला आणि भीमाई मुंबईकडे अशी ताटातूट होती. रामजींकडून येणारा पैसा अपुरा पडे. तेव्हा भीमाईने माहेरच्या सुभेदारांपुढे हात पसरला नाही. सांताक्रूझला रस्त्याच्या कामावर खडी पसरण्याची मजुरी तिने केली, असे बाबासाहेबांचे चरित्रकार सांगतात. पुढे रामजी पुण्याच्या लष्करी शाळेत शिकले आणि शिक्षक झाले. महूच्या लष्करी शाळेचे ते मुख्याध्यापक झाले, तेव्हा भीमाई त्यांच्याबरोबर होती. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला तो महूच्या त्या लष्करी छावणीत.

या हकिकतीतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की ताटातुटीच्या काळात भीमाई स्वतःच्या पायावर उभी होती. नवऱ्याच्या मागे धावून आपली भाकरी तिने सोडली नाही. त्या काळी खडी फोडायच्या आणि पसरायच्या कामापलीकडे आपल्या बाईला काही मिळत नव्हते, तेव्हाही नाही. आज तिच्या लेकीबाळींच्या हातात कॉम्प्युटर आहे, पदवी आहे. मग त्यांनी ती का सोडावी?

दुसरी गोष्ट सरकारने ऐकण्यासारखी आहे. त्या काळच्या फौजेत शिपायाच्या कुटुंबाला छावणीत जागा होती आणि फौजी माणसांच्या मुलामुलींना शिक्षणाची सोय होती. गावात ज्यांना शाळेच्या पायरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांची मुले छावणीत अक्षरे गिरवत होती. महार समाजातली पहिली शिकलेली पिढी या छावण्यांनी घडवली. फौजेने शिपायाबरोबर त्याचे कुटुंब स्वीकारले म्हणून हे घडले. पुढे १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली आणि हा दरवाजा लागला. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली लिहिला. त्यांची मागणी फक्त बंदुकीची नव्हती. छावणीबरोबर गेलेला सन्मान, पगार आणि शाळा परत मागणारे ते अर्ज होते. पहिल्या महायुद्धात १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ ला मोडली गेली. गरज असेपर्यंत वापरा आणि नंतर घरी पाठवा, हा अनुभव आपल्याला नवा नाही. बाबासाहेब १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि तो दरवाजा कायमचा उघडला.

आज त्याच रेजिमेंटच्या केंद्रात आपला पोरगा शिकतो आहे आणि त्याच्या आयुष्यातल्या बाईला कागदावर जागा नाही. सव्वाशे वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो, याचा विचार चळवळीने करावा.

आता रमाईच्या नावाचा जो आधार घेतला जातो त्याबद्दल. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, १९२० साली लंडनला गेले. रमाई मुंबईत राहिल्या. पोटची लेकरे गेली, शेणी थापल्या, उपास काढले. त्या त्यागापुढे प्रत्येक आंबेडकरी माणसाचे मस्तक झुकते आणि झुकले पाहिजे. पण रमाईच्या त्यागाला वंदन करणे वेगळे आणि रमाईचे नाव घेऊन दुसऱ्याच्या मुलीकडे त्याग मागणे वेगळे. रमाईंना पर्याय नव्हता. या मुलीला आहे. तो पर्याय तिला मिळावा म्हणून तर बाबासाहेब शिकले.

शिवाय बाबासाहेबांनी स्वतः मुलींना काय सांगितले हे आपण विसरतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो स्त्रियांसमोर बाबासाहेब म्हणाले ते असे, की मुलांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याइतकी कमाई झाल्याशिवाय लादू नका. लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्याच्या बाजूला त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होण्यास नकार द्यावा. हे सांगून आठ दशके होऊन गेली. सासूबाई होऊ घातलेल्या माउलीने रमाईचा फोटो जरूर लावावा. त्याच्या शेजारी नागपूरचे हे भाषणही ठेवावे.

बरोबरीची एक सोपी कसोटी आहे. बाजू उलटी करून पाहायची. २०२२ पासून मुलीही अग्निवीर म्हणून नौदलात जाऊ लागल्या. २८ मार्च २०२३ रोजी ओडिशातील आयएनएस चिल्का येथून पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात २७३ मुली होत्या. खडकवासल्याच्या एनडीएचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना उघडले आणि ३० मे २०२५ रोजी तिथून १७ मुलींची पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. उद्या द्रोणागिरीतली मुलगी चिल्काला प्रशिक्षणाला गेली, तर तिच्याशी साखरपुडा झालेला पोरगा यार्डातली नोकरी सोडून ओडिशात खोली घेईल काय? तिच्या सासरचे त्याला "ती एकटी पडलीय, जा जवळ राहा" म्हणतील काय? हा प्रश्न मी चार-पाच कार्यकर्त्यांना विचारला. सगळे हसले. त्या हसण्यातच उत्तर आहे. जे मुलाकडून मागताना आपल्याला हसू येते, ते मुलीकडून मागताना त्याला प्रेम आणि संस्कार म्हणायचे, ही मनुस्मृतीच आहे. १९२७ साली महाडला जाळली तरी ती आपल्या घरात शिल्लक आहे.

लष्करी व्यवस्थेनेही बाईच्या लग्नाला गुन्हा मानल्याचे उदाहरण आहे. सेलिना जॉन या लष्करी परिचर्या सेवेतील अधिकारी परिचारिका. लग्न केल्याच्या कारणावरून १९८८ साली त्यांना सेवेतून काढले. त्या लढत राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघड उघड मनमानी आणि लिंगभेद करणारा असल्याचे म्हटले आणि ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. न्याय मिळायला ३६ वर्षे लागली. लग्न करायचे की नाही हे माणसाने ठरवायचे असते. नोकरी देणाऱ्याने ते ठरवू लागले, की त्याची किंमत बाई मोजते, मग नोकरी तिची असो की त्याची.

काही जण म्हणतील, प्रशिक्षणाच्या काळात बंधने लागतातच, शिस्त हवी. मान्य आहे. रंगरूटाने बराकीत राहावे, प्रशिक्षण पूर्ण करावे, यावर कुणाचा वाद नाही. दुसरे म्हणतील, तुम्ही दोन प्रेमाच्या माणसांना दूर ठेवायला सांगता. तसेही नाही. विरह खरा असतो. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदा घर सोडून जातो, त्याला आधार लागतोच. पण तो आधार एका मुलीची नोकरी आणि परीक्षा बुडवूनच का द्यायचा? आधार देणे हे सैन्याचे काम आहे, समाजाचे आहे, त्याच्या आई-वडिलांचेही आहे.

म्हणून सरकारकडे मागणी अशी असावी. प्रशिक्षण पूर्ण झालेल्या अग्निवीराला लग्नाची परवानगी द्यावी. चार वर्षांची बंदी ही शिस्त नाही, कुटुंबाचा खर्च टाळण्याची ती युक्ती आहे. तोपर्यंत अग्निवीराला आपल्या ठरलेल्या जोडीदाराचे नाव लेखी नोंदवता यावे आणि भेटीच्या दिवशी, आजारपणात, अपघातात त्या नावाला मान असावा. कसम परेडला आई-वडिलांना सन्मानाने बोलावतात. तिथे त्या मुलीलाही स्वतःच्या नावाचे निमंत्रण असावे. चार वर्षांनी परत येणाऱ्या पंचाहत्तर टक्के पोरांच्या नोकरीची हमी कायद्याने मिळावी, कारण त्यांच्या भरवशावर घरे उभी राहणार आहेत.

चळवळीकडे मागणी याहून सोपी आहे. ४ मे १९५५ रोजी बाबासाहेबांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. आज गावोगावी आपली विहारे आहेत. नाशिक, अहिल्यानगर, बेळगाव, कामठी, सागर अशा लष्करी ठाण्यांच्या गावांत आपला समाज राहतो. त्या गावांतल्या उपासक-उपासिकांनी भेटीला येणाऱ्या मुलींची आणि मातांची दोन रात्रींची सोय केली, तर कुणाला सगळा संसार गुंडाळून जावे लागणार नाही. लॉजचा खर्च आणि भीती दोन्ही वाचतील. भरती झालेल्या पोरांच्या बॅनरवर जितका पैसा जातो, त्याच्या निम्म्यात हे होईल.

त्या मुलीला मी जा म्हटले नाही आणि जाऊ नको असेही म्हटले नाही. निर्णय तिचा आहे. मी तिला कागद-पेन दिले आणि हिशोब मांडायला सांगितला. एका बाजूला सागरच्या खोलीचे भाडे, गेलेला पगार, बुडालेले वर्ष आणि महिन्यातून मिळाली तर मिळणारी एखादी भेट. दुसऱ्या बाजूला अठरा हजारांचा पगार, जूनमध्ये हातात येणारी पदवी आणि चार वर्षांनी तो परत आला तर घरात चालू असलेली एक चूल. तिने बराच वेळ लिहिले. मग विचारले, "काका, तो रागावला तर?" मी म्हटले, "बाळ, तू त्याच्यासाठी थांबणार आहेस, हे त्याला सांग. थांबणे म्हणजे बसून राहणे नव्हे, हेही सांग. एवढ्यावर रागावणारा असेल तर ते आत्ताच कळलेले बरे."

गेल्या आठवड्यात ती पुन्हा भेटली. परीक्षेचा फॉर्म भरला आहे. पोराशी बोलणे झाले, दोन दिवस अबोला होता, आता नाही. विहारातला गुपचूप विधी रद्द झाला आहे. कसम परेडला ती त्याच्या आईबरोबर जाणार आहे. भोपाळ, बीना मार्गे अख्ख्या दिवसाचा प्रवास आहे. जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटे तिने स्वतःच्या पगारातून काढली आहेत.

तिथे ती गर्दीत उभी राहील. तिचे नाव कुणी पुकारणार नाही. पुढच्या वेळी बॅनर लावताना निदान आपण तरी ते विसरू नये.

जयभीम!